चरबीत विरघळणारी गोळी

नबीलाल सरांची चूक एवढीच, की आनंदाची गोष्ट त्यांनी डॉक्टरला सांगितली. तीस वर्षं गडहिंग्लजच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, पण दवाखान्यात काय बोलावं हे कुठं शिकवलेलं असतंय? ब्लडप्रेशरची गोळी चालू झाल्यापासनं तीन वर्षांमागं वारलेली बायको, बेगम, रोज स्वप्नात येते, असं ते म्हणून गेले. डॉक्टर सयाजी त्यांचाच विद्यार्थी. मोठा हुशार ना! त्यानं ती तक्रार समजून गोळीच बदलून टाकली.

महिना गेला. प्रेशर उतरलं आणि बेगम यायची बंद झाली. निवृत्तीनंतर घेतलेलं कोल्हापुरातलं तीन खोल्यांचं घर सरांना खायला उठलं. शेवटी लाज गुंडाळून ठेवून ते परत दवाखान्यात जाऊन बसले.

"आता झोप शांत लागती न्हवं, सर?" सयाजीनं खुशीत विचारलं. "जुनी गोळी चरबीत विरघळायची, म्हणून मेंदूत शिरायची. तिच्यानंच स्वप्नं पडायची. ही नवी पाण्यात विरघळती. पोटातनं निम्मीच रक्तात जाती, पण मेंदूच्या वाटंला जात न्हाय."

"सयाजी, मी तक्रार केली नव्हती रं," सर म्हणाले. "घरात दुसरं कोण हाय सांगायला, म्हणून तुला सांगितलं. जुनीच दे."

सयाजीनं लिहायचं पॅड पुढं ओढलं. मग हळूच म्हणाला, "जुनीतली बरीचशी लिव्हरच खाऊन टाकतंय, सर. रक्तात थोडीच पोचती. तुम्ही ती कशासंगं घेत होता?"

"चहासंगं. एकट्याला जेवण कुठं जातंय?"

"मग तवा प्रेशर कसं उतरणार? भरल्या पोटी घेतली तर जास्त पोचती. देतो, पण पोटभर जेवायचं. आणि आठ दिवसांनी प्रेशर दाखवायचं."

त्या संध्याकाळी सरांनी कधी नव्हे ते पीठ मळलं. एक भाकरी वाकडी झाली, एक करपली. वांग्याचं कालवण शेजारच्या चिमणाबाईंना विचारून केलं. निम्म्यातच ते ताटावरनं उठायला लागले. पण बेगमनं यायचं तर एवढं करायलाच पाहिजे, म्हणत त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि गोळी गिळली.

पहाटे बेगम आली. स्टोव्हपाशी बसली. रिकाम्या ताटाकडं बराच वेळ बघत राहिली आणि एवढंच बोलली, "जेवलासा व्हय, माझ्याबिगर?"