घोसाळ्याच्या सात गाठी

"तुज्या बापसाला नापास केला?" आईने घोसाळ्यांची पाटी मांडवाखाली दाणकन आपटली.

मानपाड्यामागच्या आमच्या शेतात फवारणी झाली की बाबा मांडवाच्या खांबाला चिंधी बांधत. तिला सात गाठी. रोज सकाळी एक सोडायची. शेवटची सुटेपर्यंत घोसाळ्याला हात लावायचा नाही. बाबा गेले तेव्हा तीन गाठी उरल्या होत्या. आईने सुतकातही रोज एकेक सोडली, मगच तोडणी केली.

कोलशेतची एक सोसायटी दर आठवड्याला भाजी घेणार होती, पण आधी भाजीत फवारणीचं औषध किती उरलंय याची तपासणी. मी नमुना प्रयोगशाळेत दिला. शेत अजून बाबांच्याच नावावर, म्हणून अहवालावर त्यांचं नाव, परशुराम, आणि खाली 'अमान्य'.

"आन त्या बाजूच्या भिवाचा टमाटा पास? तो तं सांजचा औषद मारतो न सकाली तोरतो!"

"त्या औषधाची मर्यादा टोमॅटोला ठरलेली आहे, आई. घोसाळ्याला ठरवलेलीच नाही. मग सगळ्यांत कडक मर्यादा लागते. आपल्यात भिवाच्या टोमॅटोपेक्षा कमीच निघालं, तरी तिच्या वर गेलं."

"मंजे घोसाल्याचा कोनी इचारच केला नाय?"

"नाही."

"न इचारता नापास!"

मी म्हटलं, कल्याणच्या बाजारात कुणी कागद मागत नाही.

"नाय. तुज्या बापसाचा माल लपून नाय जानार."

मर्यादा ठरवणाऱ्या कार्यालयाला मी दोनदा फोन केला, एक पत्र लिहिलं. 'आपली अडचण रास्त आहे,' असं उत्तर आलं. 'रास्त' हा शब्द मला पुस्तकांत आवडायचा.

घोसाळी वेलावरच जून झाली, वाळून खुळखुळू लागली. आईने सालं काढली, बिया झटकल्या, जाळ्या ओटीवर टांगल्या. "आंग घासाला तरी होतील."

महिन्याने त्याच सोसायटीतल्या रुचिताचा फोन आला. "ताई, वाळलेली घोसाळी आहेत का हो? अंघोळीला. प्लास्टिकचं नको, एकदम नॅचरल हवंय."

"इचार गो," आई म्हणाली, "कागद लागतो का?"

विचारलं.

"छे! त्याला कशाला रिपोर्ट? खायचंय थोडंच!"

आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग सुपातल्या बिया पाखडत म्हणाली, "ह्या परत लाव गो. गाठी मी सोरीन."