तानुबाईच्या अंगणातली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे, तांबड्या-निळ्या पट्ट्यांची. हातमागावर विणली गेले आणि नाशकात द्वारकेजवळच्या एका पक्षाच्या कार्यालयात आले. मोठ्या सभांमध्ये पुढारी सोफ्यावर असत आणि बाया माझ्यावर. भाषण चालू असताना त्या आपसात घरची गाऱ्हाणी सांगत. ती ऐकायला फक्त मी असे.

गेल्या लोकसभेला आमचा पक्ष हरला. कार्यालयात बैठक झाली. कुणी मित्रपक्षाला नावं ठेवली, कुणी उमेदवाराला. "पुढच्या वेळी मोठा स्क्रीन लावू," योगेश हा तरणा कार्यकर्ता म्हणाला.

अध्यक्ष धनराजभाऊंनी त्याला थांबवलं. "गर्दी होतीच की रे," ते म्हणाले. "मतं नव्हती. आपण बोललो लय, ऐकलं काहीच नाय. आता सभा बंद. गावात जाऊन बसायचं."

जीपमध्ये घालून त्यांनी मला पेठकडच्या एका पाड्यावर नेलं. तानुबाईच्या अंगणात मला अंथरलं, पण माझ्यावर कुणी बसेना.

"मतं मागाय येता, मंग कुठं जाता?" तानुबाईने विचारलं. "सकाळची एसटी बंद झाली. माझी नात सरिता शाळा सोडून घरी बसली. तवा कुठं होता?"

भाऊंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता आश्वासन देतील. पण ते म्हणाले, "उद्या डेपोत जाऊ. तुम्हीपण चला."

दुसऱ्या दिवशी डेपोच्या दारात सगळे माझ्यावर ठाण मांडून बसले. ऊन तापलं तरी तानुबाई हलली नाही. पुढच्याच आठवड्यात एसटी सुरू झाली. दप्तर घेऊन सरिता चढली तेव्हा तानुबाईने भाऊंना हात जोडले, आणि भाऊंनी तिला. "सतरंजी राहू द्या इथंच, मी येत राहीन," भाऊ म्हणाले.

ही बातमी जिंकलेल्या पक्षाला कळली. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ येत होती. त्यांनीही मिरवणुका आवरल्या आणि पाड्यावर बसायला आले. तानुबाईने मलाच अंथरलं.

ते कळल्यावर योगेश पाड्यावर आला तो चिडूनच. "मावशी, आमच्या सतरंजीवर त्यांना बसवलं?"

"आलेल्याला बसवायचं," ती म्हणाली. "मत कुणाला द्यायचं ते मी ठरवीन."

मित्रांनो, माझे रंग विटले आहेत, पण मला कसलं दुःख नाही. सरिता माझ्या उसवलेल्या कडा शिवते, मला धुऊन सावलीत वाळवते. तिचे उपकार मी कसे फेडू? तुम्हीही आपल्या सतरंजीला जपा. आणि तिच्यावर येऊन बसणाऱ्याला, तो उठण्याआधी, तुमच्या मनातलं विचारून घ्या.

परवा दोन्ही पक्षांची माणसं एकदमच आली. सगळे अवघडून उभे राहिले.

"उभं काय राहिलात?" तानुबाई म्हणाली. "सरकून बसा."

आणि ते बसले.