मास्तरीण आणि दाढी

मास्तरीणबाईंनी तो फोन दोनदा कापला. अनोळखी नंबर म्हणजे विमा विकणारे, हा त्यांचा ठाम समज. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्या विद्यापीठातल्या आपल्या खोलीत स्टुलावर चढून कपाटावरचे गठ्ठे काढत होत्या. "मला काही नको!" त्या खेकसल्या.

"नको?" पलीकडचे गृहस्थ गडबडले. "अहो, पुरस्कार आहे. तुमच्या सरांच्या स्मृतीचा."

स्टुलावरून आपण कशा उतरलो, ते बाईंना नंतर आठवेना. असंख्य कण एकत्र आले की कसे वागतात, याचं गणित सरांनीच त्यांना शिकवलं होतं. सर गेल्यावर त्यांच्या नावानं याच विषयासाठी पुरस्कार सुरू झाला होता.

"अभिनंदन! तुम्हा दोघांनाही," गृहस्थ म्हणाले.

"दोघांना?"

दुसरा म्हणजे दाढीवाला, सगळ्यांचा 'दाढी'. सरांकडे बाईंच्या बरोबरीनं शिकलेला. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून त्यानंच त्यांचं नाव 'मास्तरीण' पाडलं होतं. अकरा वर्षं दोघांत अबोला होता.

बाई धावतच घरी आल्या. सासूबाई निवृत्त परिचारिका. त्यांनी सुनेला आधी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "आता मला कळेल असं सांग. कशाबद्दल मिळाला?"

"एकटा कण काय करेल, ते कागदावर मांडता येतं. पण लाखो एकत्र आले, की प्रत्येकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो."

"म्हणजे आमचा वॉर्ड! एक पेशंट कण्हला, की सगळे कण्हायला लागायचे."

"अगदी तेच! ते गणित सोडवायची रीत मी आणि दाढीनं मिळून काढली."

"मग बिनसलं कशावरून?"

"खडबडीत जागी कण एका ठरावीक मांडणीत ठेवले, तर ती त्यांच्या लक्षात राहते की नाही, यावरून. मी म्हणायचे विसरतात. तो म्हणायचा, कायम लक्षात ठेवतात."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, कणांचं काय व्हायचं ते होवो, तुम्ही तरी विसरा की! लाव त्याला फोन. पुरस्कार घेताना भाषण कोण करणार, ते तरी ठरवाल?"

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "किती वेळ लावलास!" दाढी ओरडला. "दुपारपासून फोन हातात धरून बसलोय."

"मग तूच करायचास ना!"

"कापशील अशी भीती वाटली. ऐक, आधी एक कबूल करतो. गेल्या महिन्यात गणित खूप लांबपर्यंत चालवलं. कण विसरतात गं. फार हळू, पण विसरतात. तुझंच बरोबर होतं."

बाई खुर्चीतून उठल्याच. "छे! मी यंदा तपासलं, खडबडीतपणा वाढवला तर ते विसरायचं नावच घेत नाहीत. तू म्हणायचास तेच खरं!"

मग दोघं असे हसले, की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आणि दोनच मिनिटांत पुन्हा भांडण जुंपलं. फरक एवढाच, की आता बाई दाढीची बाजू लढवत होत्या आणि दाढी बाईंची.

सहा आठवड्यांनी सभागृह गच्च भरलं. भाषण दोघांनी मिळून करायचं ठरलं होतं. सातव्या मिनिटाला दाढीनं बाईंना अडवलं, दहाव्याला बाईंनी त्याच्या हातातला खडू काढून घेतला. अध्यक्षांना घाम फुटला. त्यांचा हात घंटेकडे गेला, तसं पहिल्या रांगेतून सरांच्या पत्नी म्हणाल्या, "भांडू द्या त्यांना. आमच्या घरी रोज असंच चालायचं."

तेवढ्यात मागून प्रयोग करणारी एक शास्त्रज्ञ उभी राहिली. "वाद कशाला घालता? असे अणू माझ्या प्रयोगशाळेत गार करून ठेवलेत. किती वेळ थांबायचं ते सांगा, मी मोजते!"

सभागृहात एकच गलका झाला. दोघंही मंचावरून उड्या टाकून तिच्याकडे धावले.

अर्ध्या तासानं तिघं चहाच्या टेबलाशी, कागदी रुमालांवर आकडेमोड करत होते. सरांच्या पत्नी काठी टेकत तिथवर आल्या आणि त्यांनी पर्समधून दोन पदकं काढली.

"हे घेताय," त्या म्हणाल्या, "की परत घरी नेऊ?"

"ठेवा ना तिथेच कुठेतरी," दाढी मान वर न करता म्हणाला. बाईंनी त्याला कोपर मारलं आणि रुमाल कोऱ्या बाजूवर उलटला.