डिजिटल फळ्यावरचा हार

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असतं. निवृत्त झाल्यापासून मला दरवर्षी बोलावणं येतं आणि गुडघे कुरकुरले तरी मी जाते. आमच्या वेळी पूजेला पाट्या, पुस्तकं आणि पृथ्वीचा गोल असे. मग रेडिओ आला, मग कपाटात कुलूपबंद राहणारा टीव्ही. यंदा नववीच्या वर्गातल्या मोठ्या डिजिटल फळ्याची पूजा होती. शिपाई भागोजीनं झेंडूचा असा भरघोस हार घातला होता, की त्याचे दोन्ही पदर काचेवर लोंबत होते.

पूजा आटोपून निघणार, तोच मुख्याध्यापक लगबगीनं आले. "बाई, बसा जरा. शिक्षण खात्याचे साहेब आलेत, न कळवता. महरीनचा पाठ बघणार म्हणतात."

महरीन भूगोल शिकवते, कंत्राटावर. ती शिकवताना तंत्रज्ञान निकषांप्रमाणे वापरते का, हे बघून साहेब शेरा देणार, आणि त्या शेऱ्यावर तिची पुढच्या वर्षीची नेमणूक ठरणार. तिची आई हफीजा माझी विद्यार्थिनी. मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

पाठ भरती-ओहोटीचा होता. महरीननं मुलांना बोलतं करत छान सुरुवात केली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "फळा सुरू करा. आणि तुम्ही नको, मुलांनी हाताळायला हवा. निकष तो आहे."

फळा उजळला. अक्षया उठली. चंद्राचं चित्र पृथ्वीभोवती फिरवायला तिनं बोट टेकवलं, तर चंद्र जागचा हलेना. भलतीकडेच रेघा उमटायला लागल्या, पानं आपोआप उलटायला लागली.

"फळ्याच्या अंगात आलंय!" कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला.

"मॅडमना सराव दिसत नाही," साहेब म्हणाले.

फळ्याचं बटण माझ्या बाकाजवळच्या भिंतीवर होतं. ते बंद-चालू करायला महरीन आली आणि कुजबुजली, "बाई, तो हार काचेवर आलाय ना, फळा त्यालाच बोट समजतोय."

"मग काढ की हार."

"मी?"

एवढंच म्हणाली ती. मला राग नाही आला, थकल्यासारखं झालं. हिची आई पाटीपूजनाला घरची अबोली पानात गुंडाळून आणायची. पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, इतक्या सरळ रेघांची, की बाकीच्या मुली आपल्या पाट्या तिच्यापुढे धरायच्या. तेव्हा हफीजाच्या मनात असलं काही येत नसे. की येत असे आणि मला कळत नसे?

मी उठले. दारातून भागोजी म्हणाला, "बाय, हार काढायचा नाय हां. पूजा हाय ती."

"देवीला मी सांगते. तू गप राहा."

हार काढला आणि मांडीवर घेऊन बसले. अक्षयानं चंद्र फिरवला, त्यामागून पाण्याचा फुगवटा सरकला. तिचे डोळे चमकले. "मॅडम, पण अमावास्येला चंद्र दिसत नाही, तरी उधाण कसं येतं?"

महरीन हसली, काही सांगणार, तोच साहेब उभे राहिले. "झालं. मुलीनं हाताळला, निकष पूर्ण. एक फोटो घ्या, वर पाठवायचाय."

"हार घाला परत," मुख्याध्यापक म्हणाले. "सणाचा छान दिसेल."

महरीन फळ्याशीच उभी होती. मी हार तिच्यापुढे धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच घाला."

मी घातला. मागे फळ्यावर पुन्हा रेघा उमटत होत्या. त्यातच फोटो झाला. साहेबांनी 'समाधानकारक' असा शेरा लिहिला आणि चहाला गेले.

रिक्षापर्यंत महरीन मला सोडायला आली. पाठ निभावला म्हणून चेहरा जरा सैल झाला होता.

"अक्षयाला उत्तर द्यायचं राहिलं," ती म्हणाली.

"सुट्टीनंतर दे."

मी रिक्षात बसले, तरी ती दांडा धरून उभीच. "बाई, आईला फोन कराल ना? नेमणुकीचं सांगा. हाराचं नका सांगू. तिला लागेल ते."

"नाही सांगत," मी म्हणाले. पदराला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या झटकायचंही माझ्यात त्राण नव्हतं.