आईच्या अंगातला जिवाणू

गुरांचा गाभ पाडणाऱ्या ब्रुसेला या जिवाणूशी नूतनची चार वर्षांची ओळख होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती त्याच्या एकाच जनुकावर काम करायची. शरीरातली जी पेशी जंतूंना गिळून मारते, तिच्याच पोटात हा घर करतो. पेशी त्याच्यावर आम्ल सोडते. त्या आम्लावरून त्याला कळतं की आपण आत पोचलो, आणि ते एक जनुक बाकीच्यांना कामाला लावतं. नूतनने ते जनुक काढून टाकलेले जिवाणू पेशीत दोन दिवसांत मरायचे.

दिवाळीला ती मार्गासनीला घरी आली. तिची आई, मंगल, भिंतीला टेकून बसली होती. ताप येत-जात होता, पाठ धरली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वय झालं म्हन्ले. गोळ्या दिल्या."

"कधीपासून आहे हे?"

"शिमग्यात म्हशीनं गाभ टाकला ना, त्या मागनं. गाभामागची वार आतच अडकली व्हती."

"कोणी काढली?"

"म्याच, हातानं. दुसरं कोन हाय हितं?"

शिमग्यात आईने हे फोनवर सांगितलं होतं. नूतनचं लक्ष कामात होतं. ती "बरं" म्हणाली होती.

तिने आईचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला, ब्रुसेलाच. तिने तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चहा टाकला. रडू आलं नाही.

रोजचं इंजेक्शन भोरला होतं. तीन आठवडे दोघी कापूरहोळला एसटी बदलून जायच्या. एकदा आईने विचारलं, "तुला ठावं व्हता ह्यो रोग?"

"हो."

"आन् जंतूतलं त्ये जनुक का काय तू काडतीस, त्ये माज्या अंगातल्यांतनं न्हाई काडता येत?"

"नाही गं. प्रयोगशाळेतल्या जंतूंतून येतं. तुझ्या अंगातल्या नाही."

"आसूं दे," आई म्हणाली.

गोळ्या तीन महिने चालल्या. ताप गेला. कमरेचा एक मणका मात्र पोखरला होता, तो तसाच राहिला. आईला वाकता येईना. धार काढायला शेजारची धोंडाबाई येऊ लागली. तिला नूतनने हातमोजे दिले, दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नको म्हणून दोनदा बजावलं.

फाल्गुनात प्रयोगशाळेत तिच्या कामाचं कौतुक झालं. तिच्या मार्गदर्शक मालिनीमॅडम म्हणाल्या, "सुंदर निकाल आहेत, नूतन."

"हो मॅडम," ती म्हणाली, आणि आईकडे जायला पुढच्या आठवड्याची रजा मागितली.