टेलिफोनवाल्या बाईंचा फोन

मी फोन आहे. आजवर माझ्यातून बाकीचे बोलत आले आणि मी गप्प राहिलो. आज थोडं मला बोलू द्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी बार्रांकिया शहरातल्या एका दुकानात काचेआड उभा होतो. तिथून यार्लेनीस नावाच्या एका नर्सनं मला उचललं. दोन वर्षं मी तिच्या गणवेशाच्या खिशात काढली. मग तिनं नवा फोन घेतला आणि मला नदीकाठच्या मोम्पोस गावी, आपल्या मावशीकडे आणून सोडलं.

"मावशी, हा घे. तुझ्या त्या वह्या पडल्यात ना, त्यातलं यात लिहीत जा. लोक वाचतील."

"कोण वाचणार? ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातले निम्मे गेले."

"मग उरलेले निम्मे वाचतील."

मावशीचं नाव ओदीलिया तुरीसो. पण गाव त्यांना टेलिफोनवाल्या बाई म्हणूनच ओळखतो. बाईंनी बावीस वर्षं गावच्या टेलिफोन कचेरीत ऑपरेटर म्हणून काढली होती. तिथं चार लाकडी केबिन होत्या. गावातली माणसं यायची, सरहद्दीपलीकडे काराकासला नाहीतर माराकाइबोला गेलेल्या मुलाबाळांचा नंबर द्यायची, बाई ट्रंक कॉल जोडून द्यायच्या आणि केबिनचं दार स्वतःच्या हातानं लावून घ्यायच्या. लग्नं, भांडणं, मरणाच्या बातम्या, सगळं बाईंच्या कानावरून गेलं. तोंडातून मात्र एक अक्षर कधी बाहेर पडलं नाही. पुढे माझ्या जातभाईंचा सुळसुळाट झाला आणि ती कचेरी बंद पडली. बाईंच्या हाती मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला याची जरा लाजच वाटली होती.

यार्लेनीसनं माझ्यावर बाईंच्या नावाचं एक पान उघडून दिलं. बाईंनी त्याला नाव दिलं 'तिसरी केबिन'. सकाळची कॉफी झाली की बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. आधी पेन्सिलीनं वहीत लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. मग एका बोटानं, टुकटुक करत, माझ्यावर उतरवायच्या. नवऱ्याला फोन लावण्याआधी ओठांना रंग लावणारी बाई. नातीला फोनवर अख्खं गाणं म्हणून दाखवणारा शिंपी. नावं बदललेली, कुणाला न दुखावणारी अशी ती माणसं होती. चार महिन्यांत वाचक झाले त्रेसष्ट. बाईंना ते पुष्कळ वाटले.

मग ओठ रंगवणाऱ्या बाईची गोष्ट एका दिवसात चारशे लोकांनी वाचली आणि सगळं बिघडलं.

बाईंना आकड्याची चटक लागली. कॉफीच्या आधी मी हातात. जेवताना मी ताटाशेजारी. तव्यावर मासा करपायचा आणि बाई बघत असायच्या की आणखी किती लाइक आले. लेखकांनी वाचक कसे वाढवावेत याचे व्हिडिओ त्या बघू लागल्या. त्यातला एक पोरगेला माणूस सारखा सांगायचा, रोज काहीतरी टाका, लोकांना रडवा, रडलेला माणूस पुढे पाठवतोच. बाई रोज टाकू लागल्या. वही मिटलेली राहू लागली. आता खरं सांगतो, त्या दिवसांत मी फुशारलो होतो. बाईंचं माझ्यावाचून चालत नाही, याचा मला अभिमान वाटायचा.

रोज टाकायचं म्हणजे गोष्टी संपतातच. बाईंच्याही संपल्या. एक तेवढी उरली होती. ती त्यांनी वहीतसुद्धा लिहिलेली नव्हती.

ती एलादियोकाकांची होती. काका होड्या बांधायचे. त्यांचा मुलगा वील्मर एकोणिसाव्या वर्षी माराकाइबोला तेलाच्या कामावर गेला. दर रविवारी काका कचेरीत येऊन नंबर द्यायचे. पहिले काही महिने नुसती घंटा वाजत राहिली. मग नंबरच बंद झाला. बाईंनी तसं सांगितलं तेव्हा काका हळूच म्हणाले होते, "तरी तिसरी केबिन दे." आत जाऊन त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि चार मिनिटं बंद फोनवर बोलले. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं हसलेसुद्धा. घरी जाऊन त्यांनी बायकोला, बेनिल्दाकाकूंना, मुलाची खुशाली सांगितली. असं दर रविवारी चाललं. कचेरी बंद झाली तेव्हा काकांनी साधा मोबाइल घेतला आणि रविवारी नदीच्या पायऱ्यांवर जाऊन बोलू लागले. हे फक्त बाईंना माहीत होतं.

बाईंनी ते लिहिलं. वहीत नाही, थेट माझ्यावर, एका दुपारी. नाव घातलं नाही. पण होड्या बांधणारा, मुलगा माराकाइबोला, असा माणूस मोम्पोसमध्ये किती असणार?

तीन दिवसांत एक्केचाळीस हजार लाइक झाले. मी तापून गेलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी राजधानी बोगोताहून एका मोठ्या प्रकाशनाच्या संपादिकेचा फोन आला. "ओदीलियाबाई, पुस्तक करू या. होडीवाल्याची गोष्ट पहिली घालू. आणि पान थंड पडू देऊ नका." बाई फोन ठेवून उगाच घरभर फिरल्या. एकट्याच हसत होत्या.

त्याच संध्याकाळी, गावातली माणसं ऊन उतरल्यावर दारात झुलत्या खुर्च्या टाकून बसतात तशी काकूंच्या गल्लीतही बसली होती. शेजारची सून आपल्या फोनवरून ती गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवू लागली. कुणाची आहे हे तिला ठाऊक नव्हतं. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. बेनिल्दाकाकू उठल्या, आपली खुर्ची उचलून आत घेतली आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी काका आले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"ओदीलिया, केबिनचं दार तू स्वतः लावून घ्यायचीस. आठवतं?"

"आठवतं, काका."

"मग आता उघडलंस का?"

काका उत्तरासाठी थांबले नाहीत. त्यांची पाठ वळली तेव्हा बाईंच्या हातात मी होतो.

बाईंनी ती गोष्ट पुसून टाकली. यार्लेनीसचा लगेच फोन.

"मावशी, काय केलंस हे? एक्केचाळीस हजार. असं आयुष्यात परत होत नाही."

"न होवो."

"आणि पुस्तक?"

"त्यांना ती गोष्ट हवी आहे. ती माझी नाही. मी नाही म्हणून कळवलं."

मग त्यांनी पानावर चार ओळी लिहिल्या. 'मी एका माणसाचं गुपित त्याला न विचारता सांगितलं. चूक माझी आहे. ज्यांनी ते पुढे पाठवलं असेल त्यांनी कृपया काढून टाकावं.' ती गोष्ट सत्तावन्न ठिकाणी पसरली होती. बाईंनी एकेकाला पत्र लिहिलं, एका बोटानं. एकोणपन्नास जणांनी काढली. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी ढोंगी म्हटलं. वाचक भराभर गळाले.

त्यानंतर माझी रवानगी झाली फडताळावरच्या बिस्किटांच्या डब्यात. दिवसातून एक तास, सकाळचं लिखाण झाल्यावर, बाई मला बाहेर काढायच्या. पहिले आठ दिवस मला फार अपमान वाटला. मग सवय झाली. झाकणाच्या फटीतून पेन्सिलीची खरखर पुन्हा ऐकू येऊ लागली आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

बाईंनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. ज्याची गोष्ट, त्याच्या घरी जायचं, त्याला वाचून दाखवायची, त्यानं हो म्हटलं तरच पानावर टाकायची. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं. आकडा बघायचाच नाही. यार्लेनीसकडून त्यांनी तो पडद्यावरून दडवूनच घेतला होता. ओठ रंगवणारी बाई आता सत्तरीची झाली होती. तिला गोष्ट वाचून दाखवली तर ती म्हणाली, "लाल कुठे गं? जांभळी लिपस्टिक लावायचे मी. लाल माझी सवत लावायची." बाईंनी जांभळी केली, आणि सवतही घातली. गोष्ट पहिल्यापेक्षा कितीतरी चांगली झाली. महिन्याला एक किंवा दोन गोष्टी व्हायच्या, पण लोक त्यांची वाट बघू लागले.

काकूंच्या दारी बाई दर रविवारी जायच्या. दार उघडायचं नाही. बाई थोडा वेळ उभ्या राहून परत यायच्या. असे सात महिने गेले.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर, काकू स्वतःच आल्या. मागे छत्री धरून काका. काकू बसल्या आणि म्हणाल्या, "तो फोन काढ डब्यातून. त्यात बोलणं भरून ठेवता येतं ना?"

म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"वील्मर कांद्याला शिवत नव्हता," काकू म्हणाल्या. "लहानपणी ताटातून वेचून बाजूला काढायचा. आणि हा रविवारी येऊन सांगतो, पोरानं आज कांदा घालून मासा केला, दोनदा वाढून घेतला. तिसऱ्या वर्षीच कळलं मला."

काकांची खुर्ची झुलायची थांबली. "तिसऱ्या वर्षी?"

"पावसाळ्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आठवडाभर होड्या ठोकायचास आणि मुक्यासारखा जेवायचास. रविवारी तेवढं तोंड उघडायचास. तेही बंद करू?"

"म्हणजे इतकी वर्षं मला मूर्ख बनवलंस."

"कोणी कोणाला बनवलं ते ओदीलिया लिहील."

काका आधी टोपीकडे बघत बसले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. हसता हसता त्यांनी टोपीनंच डोळे पुसले.

बाई हळूच म्हणाल्या, "काकू, तुम्ही खुर्ची आत नेलीत तेव्हा मला वाटलं..."

"मला राग आला होता. माझ्या घरातली गोष्ट माझ्या आधी गल्लीनं ऐकली. या वेळी मी पहिली ऐकणार."

बाईंनी तीन आठवडे ती लिहिली, पेन्सिलीनं. मग काकूंना वाचून दाखवली. काकूंनी एके ठिकाणी थांबवलं. "इथे मी रडले असं लिहिलंयस. रडले नव्हते. तांदूळ निवडत होते." बाईंनी तांदूळ घातले. काकांनी फक्त आपली खरी नावं घालायला सांगितलं.

गोष्ट पानावर गेली. एक्केचाळीस हजार काही झाले नाहीत. पण तीनशे बारा पत्रं आली. नुसते लाल बदाम नव्हेत, पत्रं. कुणी आपल्या आईबद्दल लिहिलं होतं, कुणी आपण स्वतः कसे घरी फोन करत नाही त्याबद्दल. काहींनी वील्मरला शोधायची मोहीम काढू म्हणून सुचवलं. फोटो द्या, देशभर फिरवू. बाईंनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "त्याला घर माहीत आहे." बाईंनी मोहिमेला नकार कळवला आणि तीनशे बारा उत्तरं लिहिली. त्याला दोन महिने लागले. रोज एक तास, त्याहून जास्त नाही.

त्या पत्रांमध्ये रुबिएला नावाच्या एका बाईंचं पत्र होतं. बार्रांकियात बहिणीबरोबर त्या छोटं छापखाना-प्रकाशन चालवत. त्या वर्षभर पान वाचत होत्या, अधूनमधून लिहायच्या, बाई उत्तर द्यायच्या, एवढाच संबंध. त्यांनी लिहिलं, 'तुमच्या वह्या मला पाहायला मिळतील का? पानावर न आलेल्यासुद्धा. घाई नाही.' बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला टेबलावर ठेवून त्या वह्या बांधायला उठल्या.

पुढच्या वर्षी डिसेंबरात पुस्तक आलं. चर्चसमोरच्या चौकात वाचन ठेवलं होतं. बाई म्हणत होत्या, तीस-चाळीस माणसं आली तरी खूप. सकाळी दहापासून नदीकाठाला होड्या लागू लागल्या. मागांगेहून आल्या, वरच्या अंगाच्या खेड्यांतून आल्या, एक बाई तर दोन दिवस प्रवास करून आली होती. बाकं पुरेनात, तेव्हा गावातल्या लोकांनी घरून खुर्च्या उचलून आणल्या. यार्लेनीसनं मला उंच धरलं होतं, म्हणून मला सगळा चौक दिसला. पार चौकाच्या टोकाच्या कमानीपर्यंत माणसं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच काका उठून उभे राहिले. "बंद फोनवर बोलणारा तो मीच," त्यांनी जाहीर केलं. "आणि मी चांगलं बोलायचो."

"खाली बस," काकू म्हणाल्या. "मला ऐकायचंय."

चौक हसला, मग शांत झाला. बाईंनी पुस्तक उघडलं. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले त्या बाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या गावानं ऐकला. तो कापत नव्हता. वाचून झाल्यावर लोक उठून उभे राहिले ते बसेचनात. सह्या करता करता बाईंचं बोट दुखायला लागलं, तरी त्या प्रत्येकाला नाव विचारत होत्या आणि कितीतरी जणांना नावावरून ओळखत होत्या. "तुम्ही पत्र लिहिलं होतंत. आईच्या शिलाई मशीनबद्दल." तो माणूस तिथंच विरघळला.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. बोगोताच्या संपादिकेनंही पुन्हा फोन केला. बाई गोड बोलल्या आणि रुबिएलाबरोबरच राहिल्या.

आता माझं काय? माझी काच दोन ठिकाणी तडकली आहे, चार्जरची तार एका विशिष्ट कोनात धरल्याशिवाय लागत नाही, आणि पोटातली बॅटरी फुगल्यामुळे मला आता चालू ठेवणं धोक्याचं, असं यार्लेनीस म्हणते. नवा फोन परवाच आला. आज बाई माझ्यातली पत्रं त्याच्यावर उतरवून घेत आहेत. उद्या माझं काम संपेल.

मला वाईट वाटत नाही. माझ्यासारखे अनेक जण केवळ तापून संपले. मी मात्र एका लेखिकेला तिचे वाचक मिळवून दिले, आणि तिनं मला जागेवर ठेवायला शिकून ते टिकवले. जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या हातातही माझा कुणी भाऊबंद असेलच. त्याच्यावर जरूर लिहा, मनापासून लिहा, लोकांपर्यंत पोचा. फक्त दुसऱ्या कुणाची गोष्ट हातात आली, तर आधी त्याला खाली ठेवा, चप्पल घाला आणि त्या माणसाच्या घरी जाऊन या.