डाव्या पायावरचा खटला

बापूसाहेबांवर त्यांच्याच घरात आरोप झाला, आणि तोही त्यांच्या डाव्या पायावर. आता अमरावतीच्या कोर्टात सारी हयात वकिली केलेला माणूस असला आरोप मुकाट्यानं ऐकून घेतो होय?

झालं असं की त्यांची जुनी अँबेसेडर दिवाळीनंतर चढावर दगा द्यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी काही वेग घ्यायची नाही. मुलगा पुष्कर नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात इंजिनिअर. त्यानं जेवता जेवताच निकाल लावला. "बाबा, तुमचा पाय सारखा क्लचवर असतो. उन्हाळ्यात घातलेली नवीकोरी क्लच-प्लेट जाळून टाकली तुम्ही. वय झालं आता, किल्ली द्या."

"प्लेट उघडून पाहिली तू?"

"पाहायची काय गरज आहे?"

झालं! म्हाताऱ्याचं डोकंच सटकलं. "अकोल्याले देवमन मिस्त्रीनं प्लेट घातली होती, त्याच्याकडेच गाडी खोलू. प्लेट जळालेली निघाली तर किल्ली तुझी, जन्मात मागणार नाही. नाही निघाली तर पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. कबूल?"

पुष्कर हसत कबूल म्हणाला. बापूसाहेबांना मात्र हसू येत नव्हतं. गाडी गेली की कोर्टातली बाररूम गेली, बडनेऱ्याचे दोस्त गेले, मनात आलं की उठून निघणं गेलं. मग दाराशी बसून 'मला कोणी सोडून देईल का' असं विचारत राहायचं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातच तपास सुरू केला. पेडल हातानं दाबून पाहिलं, मोकळीक बरोबर होती. मग हँडब्रेक खेचून, तिसरा गिअर टाकून त्यांनी क्लच सोडला. इंजिन फटकन बंद पडलं.

"पाहिलं? क्लच पकडून राहिला. जळालेली प्लेट थंड असतानाही अशी पकडेल का?"

"रस्त्यावर बघू," पुष्कर म्हणाला.

"बघूच. पण चालव तूच. माझा पाय पेडलजवळही यायला नको." आणि खरंच, बापूसाहेब मागच्या सीटवर मांडी घालून बसले. मूर्तिजापूरच्या अलीकडे पुलाच्या चढावर इंजिन किंचाळलं, गाडी रेंगाळली आणि मागून ट्रकवाल्यानं हॉर्नचा सपाटा लावला. पुष्करचा चेहरा पडला.

"बाजूले घे," बापूसाहेब म्हणाले. "सकाळचीच परीक्षा पुन्हा कर."

पुष्करनं हँडब्रेक खेचला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन आपलं खुशाल चालूच.

"थंड असताना पकडते, गरम झाली की सुटते. म्हणजे आत काहीतरी पातळ होऊन राहिलं, पुष्कर. मले तेलाचा संशय आहे."

अकोल्याला देवमननं गिअरबॉक्स उतरवला आणि प्लेट काढून बापूसाहेबांच्या हातावर ठेवली. प्लेट जाड होती, झिजलेली तर मुळीच नव्हती, पण तेलानं चिंब झाली होती.

"जळाली नाई साहेब, तेल पिऊन बसली थे," देवमन म्हणाला.

बापूसाहेबांनी मुलाकडे असं पाहिलं की विचारू नका! पाय निर्दोष सुटला होता. एवढा आनंद त्यांना कुठला खटला जिंकून झाला नव्हता.

देवमन मात्र अजून गाडीखालीच होता. इतक्या जुन्या इंजिनातून थोडं तेल गळायचंच. ते बाहेर पडावं म्हणून क्लचच्या पेटीला खाली एक भोक ठेवलेलं असतं. त्यानं त्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला आणि साबण थापलेली एक काळी चिंधी ओढून काढली.

"हे कोनं बुजवलं?"

"कोणी म्हणजे? तुमच्याच गॅरेजातली कामं ही!" पुष्कर भडकला.

"आमी काहून बुजवू? तेल आत साचलं का क्लच गेलाच समजा."

बापूसाहेबांनी चिंधी हातात घेतली. कापड त्यांच्या कोर्टातल्या जुन्या गाऊनचं होतं. त्यांना काहीच उमजेना. त्या चिंधीचं विचारायला बाहेर जाऊन त्यांनी सुनेला, चारुशीलाला, फोन लावला.

ती हसायलाच लागली. "अहो बाबा, तुम्हीच ते भोक बुजवलंत की! दिवाळीच्या पाडव्याला. रांगोळीवर तेल टपकतं म्हणून मी कुरकुरले, तर तुम्ही लगेच गाडीखाली शिरलात. मी टॉर्च धरला होता."

बापूसाहेबांनी फोन ठेवला आणि तो पाडवा आठवून पाहिला. पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. टॉर्च नाही, साबण नाही, चारुशीलाचं कुरकुरणं नाही. काही म्हणता काही नाही. ते मनातून घाबरले.

गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? पण आत देवमन बिचारा नसता आळ अंगावर घेऊन उभा होता. ते आत आले.

"पुष्कर, याची माफी माग. ते भोक मी बुजवलं."

"तुम्ही? मग आधी सांगितलं का नाही?"

"आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. चारुशीलानं सांगितलं."

पुष्करनं आधी देवमनला हात जोडले. मग किल्ली वडिलांपुढे धरली. "जाऊ द्या ना बाबा, कोणीही विसरतं. प्लेट जळालेली नव्हती, तुम्ही जिंकलात. घ्या."

बापूसाहेबांनी किल्ली घेतली नाही. "हे विसरलो, उद्या ब्रेक कुठला ते विसरलो तर? समोर कोणाचं तरी लेकरू असलं म्हणजे?" ते देवमनकडे वळले. "देवमन, तू प्लेट बसवून ठेव. पुष्कर, इथं डोक्याचा चांगला डॉक्टर कोण ते विचार. आजच जायचं. काय झालं ते मले कळलं पाहिजे."

पुष्करनं डोळे पुसले आणि डॉक्टरचं नाव देवमनलाच विचारलं. बापूसाहेब तोवर रस्त्यावर जाऊन ऑटोला हात दाखवत उभे होते.